आधी कोण सापडले पाहिजे? : संगणक सुरू होण्याच्या गरजेतून घडलेली डिरेक्टरी आणि पार्टिशन यांची रचना

लिनक्स चालणाऱ्या संगणकाची मूळ डिरेक्टरी उघडली की ठरावीक नावे समोर येतात : /बिन, /एसबिन, /लिब, /बूट, /ईटीसी, /यूएसआर, /व्हार, /होम. (पडद्यावर ही नावे रोमन अक्षरांत असतात, येथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.) यांतील /यूएसआर मध्ये शिरले तर तिथे पुन्हा एक बिन, एक एसबिन आणि एक लिब भेटते. एकाच घरात दोन स्वयंपाकघरे कशासाठी, असा प्रश्न पहिल्यांदा पाहणाऱ्याला पडतोच. पाठ्यपुस्तकांत त्याचे उत्तर साधारणपणे एका वाक्यात उरकलेले असते : वरच्या बिनमध्ये आवश्यक आज्ञा, आतल्या बिनमध्ये इतर. हे उत्तर चुकीचे नाही, पण 'आवश्यक' म्हणजे कशासाठी आवश्यक, हे त्यातून कळत नाही. ते कळायचे असेल तर ही रचना ज्या यंत्रांवर घडली त्या यंत्रांकडे जावे लागते.

मूळ अडचण अशी आहे. संगणक सुरू होताना त्याच्या स्मृतीत कार्यप्रणाली नसते; ती डिस्कवर असते. डिस्कवरून ती वाचून आणायची तर वाचणारा एखादा प्रोग्राम आधी चालू असायला हवा, आणि तो प्रोग्रामही डिस्कवरच असतो. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, अशी ही गत. हे कोडे दर पिढीत कुठेतरी एक छोटी, ठरलेली, न हलणारी जागा राखून सोडवले गेले. ती जागा कोणती आणि किती मोठी, याभोवतीच पुढचा सगळा इतिहास फिरतो.

दोन डिस्कची गोष्ट

युनिक्सचा जन्म १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजमध्ये पीडीपी-७ या यंत्रावर झाला. झाडासारखी फाटे फुटत जाणारी फाइलव्यवस्था ही कल्पना मल्टिक्स प्रकल्पातून आलेली होती. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे दोघेही त्या प्रकल्पावर काम करून आलेले. पण पीडीपी-७ वरची पहिली अंमलबजावणी फारच तुटपुंजी होती. यंत्र चालू असताना नवी डिरेक्टरी तयार करण्याची सोयच नव्हती. सगळ्या डिरेक्टऱ्या, कागदी फितीवरून फाइलव्यवस्था नव्याने उभारताना, एकदाच तयार होत.

पुढे पीडीपी-११ आला. रिची यांनी नंतर लिहिलेल्या इतिहासात त्या यंत्राची मापे दिली आहेत : २४ किलोबाइट स्मृती आणि ५१२ किलोबाइटची डिस्क. आज मोबाइलवर काढलेला एक फोटोदेखील त्या डिस्कवर मावणार नाही. या लहान डिस्कचा एक गुण मात्र होता. तिची वाचनशीर्षे स्थिर असत. प्रत्येक मार्गिकेला स्वतंत्र शीर्ष असल्यामुळे ते इकडून तिकडे सरकवण्यात वेळ जात नसे. त्यामुळे वेगवान पण लहान अशी एक डिस्क, आणि संथ पण मोठी अशी दुसरी, अशी विभागणी आपोआपच झाली.

थॉम्प्सन आणि रिची यांचा १९७४ चा प्रसिद्ध निबंध ही व्यवस्था स्पष्ट सांगतो. तोवर यंत्र पीडीपी-११/४५ झाले होते आणि स्थिर शीर्षांची डिस्क एक मेगाबाइटची. मूळ डिरेक्टरी त्या डिस्कवर होती. वापरकर्त्यांच्या फाइली ४० मेगाबाइटच्या मोठ्या डिस्कवर होत्या आणि यंत्र सुरू झाल्यावर आरंभीचा प्रोग्राम ती डिस्क मूळ झाडाला जोडून घेत असे. या जोडण्याला 'माउंट' म्हणतात. माउंट झाल्यावर वापरकर्त्याला दोन डिस्क वेगळ्या दिसतच नाहीत. एका झाडाच्या फांदीवर दुसरे अख्खे झाड कलम केल्यासारखे ते असते.

/यूएसआर हे नाव येथले. ते 'युझर' या शब्दाचे आखूड रूप आहे, आणि वापरकर्त्यांची घरे खरोखरच तिथे होती. रिची यांची डिरेक्टरी /यूएसआर/डीएमआर, थॉम्प्सन यांची /यूएसआर/केन. हल्ली अनेक ठिकाणी 'यूएसआर म्हणजे युनिक्स सिस्टिम रिसोर्सेस' असे शिकवले जाते. तो नंतर जुळवलेला विस्तार आहे. परीक्षेत तसे लिहून गुण मिळतीलही, पण इतिहास म्हणून ते टिकत नाही.

आता कार्यप्रणाली वाढू लागली. नव्या आज्ञा, नवी संपादने, भाषांचे कंपायलर, माहितीपुस्तिका. लहान डिस्कवर जागा संपली तेव्हा हे सामान जिथे जागा होती तिथे, म्हणजे मोठ्या डिस्कवर /यूएसआर मध्ये गेले. तिथे दुसरे बिन तयार झाले, दुसरे लिब तयार झाले. आणि इथेच एक अट निर्माण झाली, जी पुढची चाळीस वर्षे टिकली. दुसरी डिस्क जोडण्याची 'माउंट' ही आज्ञा दुसऱ्या डिस्कवर ठेवता येत नाही. कपाटाची किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद करण्यासारखेच ते. म्हणून माउंट, आज्ञा स्वीकारणारा शेल, डिस्कची तपासणी करणारा प्रोग्राम, फाइल नक्कल करणारी आणि हलवणारी आज्ञा, एवढे सगळे पहिल्या डिस्कवरच राहिले पाहिजे. 'आवश्यक' या शब्दाचा नेमका अर्थ हा आहे : दुसरी डिस्क जोडली जाण्याच्या आधी आवश्यक.

या गोष्टीची एक सोपी आवृत्ती सर्वत्र सांगितली जाते. ती म्हणते की दोन सारख्याच काढघालीच्या डिस्क होत्या, पहिली भरली म्हणून दुसरी घेतली, बस्स. ती आवृत्ती कारणाचा गाभा बरोबर पकडते. पण १९७४ च्या निबंधातले वर्णन पाहता नुसती जागाटंचाई नव्हती. वेगवान आणि संथ माध्यमांतला फरकही या विभागणीच्या मुळाशी होता, हे विसरले जाते.

अपघाताला तत्त्वाचे रूप

डिस्क मोठ्या झाल्या, तरी विभागणी राहिली. हे केवळ सवयीने झाले असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. दरम्यान तिला नवी आणि खरी कारणे मिळाली होती.

पहिले कारण वीज जाण्याचे. चालू यंत्राची वीज अचानक गेली की फाइलव्यवस्थेतल्या नोंदी अर्धवट राहतात. पुढच्या वेळी सुरू होताना 'एफएससीके' हा प्रोग्राम अख्खी डिस्क तपासतो. मोठ्या डिस्कला यात बराच वेळ जाई. मूळ पार्टिशन लहान आणि क्वचितच लिहिले जाणारे असेल तर ते बिघडण्याची शक्यता कमी, तपासणी लवकर संपते, आणि मग त्या सुदृढ पार्टिशनवर उभे राहून बाकीची दुरुस्त करता येतात. 'एफएसटॅब' या फाइलीच्या शेवटच्या रकान्यात आजही हा क्रम दिसतो : मूळ पार्टिशनला १, इतरांना २. लिनक्सच्या मुख्य गाभ्यात २००१ मध्ये ईएक्सटी३ ही, बदलांची आधी रोजनिशी ठेवणारी फाइलव्यवस्था आली आणि ही तपासणी बहुतेक वेळा काही सेकंदांवर आली. त्याआधी आपल्याकडच्या भारनियमनाच्या दिवसांत लिनक्स चालवलेल्यांना टक्केवारी मोजत पडद्यापुढे बसणे चांगलेच परिचयाचे असेल.

दुसरे कारण भरून वाहण्याचे. नोंदवह्या, टपाल, छपाईची रांग हे सतत वाढणारे सामान. ते मूळ पार्टिशनवर असेल आणि एखाद्या रात्री बेफाम वाढले, तर यंत्राला स्वतःची छोटीशी तात्पुरती फाइलही लिहिता येत नाही आणि ते धड सुरूही होत नाही. ईएक्सटी२ पासून लिनक्समध्ये जागेचा ५ टक्के भाग सहसा मूळ वापरकर्त्यासाठी राखीव ठेवला जातो, तो याच भीतीपोटी. पण खरा उपाय म्हणजे वाढणाऱ्या सामानाला वेगळी खोली देणे. ती खोली म्हणजे /व्हार.

/व्हार ला ठळक स्थान मिळाले ते सन मायक्रोसिस्टिम्सच्या सनओएस ४.० मध्ये, १९८८ साली, आणि तेही एका वेगळ्याच गरजेपोटी. सनचे ग्राहक डिस्क नसलेली वर्कस्टेशन्स वापरत. ती जाळ्यावरून एका सर्व्हरची फाइलव्यवस्था घेत. पन्नास यंत्रांना एकच /यूएसआर पुरवायचे, तर त्यात कोणीही लिहिता कामा नये. म्हणून बदलणारे सगळे सामान उचलून /व्हार मध्ये नेले गेले. वापरकर्त्यांची घरेही /यूएसआर मधून कधीच बाहेर पडली होती. ज्या डिरेक्टरीचे नावच 'युझर', तिच्यात युझर सोडून बाकी सगळे उरले.

१९९० च्या दशकात लिनक्सची अनेक वितरणे निघाली आणि प्रत्येकाची मांडणी थोडी थोडी वेगळी. हा गोंधळ आवरण्यासाठी फेब्रुवारी १९९४ मध्ये एक मानक प्रसिद्ध झाले; त्याचेच पुढचे रूप म्हणजे 'फाइलसिस्टिम हायरार्की स्टँडर्ड', ज्याची ३.० ही आवृत्ती २०१५ मध्ये निघाली. त्यात मूळ फाइलव्यवस्थेची कसोटी सांगितली आहे : यंत्र सुरू करणे, पूर्ववत करणे, सावरणे आणि दुरुस्त करणे यांपुरते सामान तिच्यात असले पाहिजे. अर्ध्या मेगाबाइटच्या डिस्कने घातलेली अट अशी नियमपुस्तकात पोहोचली.

पीसीची बाजू : ५१२ बाइटांची चौकट

दुसरा प्रवाह आयबीएम पीसीचा. मार्च १९८३ मध्ये १० मेगाबाइटची हार्ड डिस्क असलेला पीसी एक्सटी आला, सोबत डॉस २.०. एका डिस्कवर एकापेक्षा अधिक कार्यप्रणाल्या नांदाव्यात म्हणून डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांच्या सेक्टरमध्ये एक तक्ता ठेवला गेला. हिशोब बघा : ४४६ बाइट आरंभीच्या प्रोग्रामसाठी, प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी म्हणजे ६४ बाइट, आणि शेवटी २ बाइटांची खूण. बेरीज ५१२. 'प्राथमिक पार्टिशन चारच का?' या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. त्यामागे दुसरे कोणतेही गहन तत्त्व नाही.

बायोस हा यंत्रातला कायमचा प्रोग्राम हा एकच सेक्टर वाचतो आणि त्याच्या हाती सूत्रे देतो. ४४६ बाइटांत फाइलव्यवस्था समजणारा प्रोग्राम मावत नाही. तो फार तर 'चालू' खूण असलेले पार्टिशन शोधून त्याचा पहिला सेक्टर वाचतो, आणि तो सेक्टर पुढचे बघतो. साखळीतली प्रत्येक कडी पुढच्या कडीपुरतेच जाणते.

बायोसने डिस्कवरची जागा सांगण्याची जी पद्धत ठरवली तिने पुढे मोठा घोळ घातला. सिलिंडरसाठी १० बिट, शीर्षासाठी ८, सेक्टरसाठी ६. म्हणजे सिलिंडर फार तर १०२४. आयडीई डिस्कची स्वतःची मर्यादा १६ शीर्षांची. दोन्ही मर्यादांतली लहान ती धरली की १०२४ × १६ × ६३ × ५१२, म्हणजे सुमारे ५२८ मेगाबाइट. शीर्षांच्या आकड्याचे भाषांतर करणारे बायोस आले तेव्हा ही सीमा सुमारे ८.४ गिगाबाइटवर गेली. डिस्क त्याहून मोठी असली तरी सुरुवातीच्या त्या क्षणी यंत्राला पलीकडचे दिसतच नसे.

लिनक्सचा त्या काळचा आरंभक 'लिलो', वेर्नर आल्मेसबर्गर यांनी लिहिलेला, बायोसच्याच डोळ्यांनी पाहत असे. त्याला फाइलव्यवस्था कळत नव्हती. कर्नल डिस्कवर नेमक्या कोणत्या सेक्टरांत आहे याची यादी आधीच करून ठेवायची आणि सुरू होताना ते सेक्टर मुकाट्याने वाचायचे, ही त्याची रीत. यातून दोन फजित्या होत. कर्नल बदलून लिलो पुन्हा चालवायला विसरले की यादी शिळी होई, कर्नलचे नाव तेच असले तरीही. आणि डिस्क भरत जाऊन नवा कर्नल १०२४ व्या सिलिंडरच्या पलीकडे लिहिला गेला, की काल चालणारे यंत्र आज उठत नसे. वापरकर्त्याने तर फक्त कर्नल अद्ययावत केलेला असे. लिलो आपल्या नावाची अक्षरे टप्प्याटप्प्याने छापत असे. चारही उमटली तर सगळे ठीक. 'एल' आणि 'आय' या दोन अक्षरांवरच गाडी थांबली, तर दुसरा टप्पा स्मृतीत आला पण चालू शकला नाही असा अर्थ, आणि कारण बहुधा डिस्कच्या मापांतली विसंगती. दोन अक्षरांवरून निदान करण्याची ही कला एका पिढीने नाइलाजाने आत्मसात केली.

/बूट हे वेगळे, लहान पार्टिशन डिस्कच्या अगदी सुरुवातीला ठेवण्याची प्रथा येथून आली. कर्नल त्या कुंपणात राहिला की तो १०२४ च्या आत राहणार, एवढीच हमी. १९७१ च्या सुमारास लहान डिस्क वेगळी होती कारण ती खरोखर वेगळी वस्तू होती. आता एकाच डिस्कवर तशी लहान 'डिस्क' मुद्दाम आखून घेतली गेली.

एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये सुरू केलेल्या 'ग्रब' ने वेगळा मार्ग धरला. तो फाइलव्यवस्था वाचू शकतो, म्हणून कर्नल नावाने शोधतो. पण एवढी समज ४४६ बाइटांत कशी बसणार? मग पहिला सेक्टर आणि पहिले पार्टिशन यांच्यामध्ये, मार्गिकांच्या जुन्या हिशोबामुळे रिकाम्या राहणाऱ्या ६२ सेक्टरांत त्याचा मधला टप्पा बसवला गेला. ती जागा कोणाच्याच नावावर नव्हती. बेवारस जागेवर बांधलेल्या घराला जो धोका असतो तो इथेही होता, आणि इतर काही सॉफ्टवेअरही गुपचूप तिथेच आपल्या खुणा लिहीत असे.

जाता जाता एक गंमत. विंडोजच्या अधिकृत परिभाषेत यंत्र सुरू करणाऱ्या फाइली जिथे असतात ते 'सिस्टिम' पार्टिशन, आणि विंडोजची सिस्टिम जिथे असते ते 'बूट' पार्टिशन. नावे उलटी वाटली तर दोष वाचणाऱ्याचा नाही. विंडोज ७ पासून वेगळे दिसणारे १०० मेगाबाइटचे राखीव पार्टिशन हे या अर्थाने 'सिस्टिम' पार्टिशन होय.

राखीव जागेला मान्यता

पार्टिशनच्या तक्त्यात जागेसाठी ३२ बिट होते. ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर मर्यादा सुमारे २.२ टेराबाइट. डिस्क तिथवर पोहोचण्याआधीच इंटेलने इटॅनियम यंत्रांसाठी ईएफआय ही नवी व्यवस्था आखली होती. २००५ पासून ती अनेक कंपन्यांच्या मंचाकडे जाऊन यूईएफआय झाली. तिच्यासोबतच्या जीपीटी तक्त्यात ६४ बिट, सर्वसाधारणपणे १२८ नोंदी, चूक ओळखणारी बेरीज, आणि डिस्कच्या शेवटी तक्त्याची दुसरी प्रत असते. जुन्या तक्त्याची एकच प्रत होती; तो सेक्टर गेला की सगळ्या डिस्कचा नकाशा गेला.

याहून महत्त्वाचा बदल असा की यंत्राचा कायमचा प्रोग्राम आता स्वतः फाइलव्यवस्था वाचतो. त्यासाठी एक पार्टिशन अधिकृतपणे राखीव झाले, ईएफआय सिस्टिम पार्टिशन. त्याची फाइलव्यवस्था फॅट, जिचे मूळ १९७७ पर्यंत मागे जाते. जगातली अत्याधुनिक यंत्रे सुरू होताना पहिली जी फाइलव्यवस्था वाचतात ती सर्वांत साधी आणि जुनी असावी, यात मला विसंगती वाटत नाही. त्या क्षणी हुशारीपेक्षा सर्वांना कळणे महत्त्वाचे असते.

दोन स्वयंपाकघरांचे एक

इकडे लिनक्समध्ये तोच पेच नव्या वेषात आला. मूळ पार्टिशन वाचायला डिस्कचा चालक प्रोग्राम हवा. तो मूळ पार्टिशनवर. उपाय म्हणून कर्नलसोबत एक छोटी फाइलव्यवस्था थेट स्मृतीत चढवली जाऊ लागली. १९९६ च्या लिनक्स २.० मध्ये ती 'इनिटआरडी' होती, पुढे २.६ मध्ये 'इनिटरॅमएफएस' आले. त्यात चालक, माउंट, एफएससीके, एक छोटा शेल असे सगळे असते. म्हणजे १९७० च्या दशकात मूळ डिस्कने जे काम केले तेच हे करते.

मग मूळ पार्टिशनवरचे वेगळे /बिन कशासाठी? फेडोरा १७ ने मे २०१२ मध्ये उत्तर दिले : कशासाठीच नाही. /बिन, /एसबिन आणि /लिब मधले सगळे /यूएसआर च्या आत गेले आणि जुन्या नावांच्या जागी फक्त दुवे उरले. यातून पन्नास यंत्रांत वाटण्याजोगे, केवळ वाचनासाठी जोडता येणारे एकसंध /यूएसआर मिळाले. सनची १९८८ ची कल्पना आता पूर्ण झाली म्हणा. डेबियनमध्ये मात्र वाद बरीच वर्षे चालला आणि प्रकरण तिथल्या तांत्रिक समितीपर्यंत गेले. विरोध निव्वळ जुन्याच्या मायेतून नव्हता. डेबियनचा 'डीपीकेजी' प्रत्येक फाइल तिच्या मार्गावरून ओळखतो. दुव्यामुळे एकाच फाइलीला दोन मार्ग झाले, तर अद्ययावत करताना एखादी फाइल नाहीशी होण्याची खरी शक्यता होती. अखेर २०२३ च्या डेबियन १२ पासून जोडलेली मांडणी सक्तीची झाली.

विभागणीचा दुसरा उपयोग मात्र संपला नाही, उलट वाढला. २०११ पासून विकल्या गेलेल्या क्रोमबुकमध्ये कर्नल आणि मूळ फाइलव्यवस्था यांच्या दोन जोड्या असतात. चालू जोडीला हात न लावता नवी आवृत्ती दुसऱ्या जोडीवर लिहिली जाते. जीपीटीच्या नोंदीत तीन गोष्टी टिपल्या जातात : प्राधान्य किती, आणखी किती प्रयत्न शिल्लक, आणि एकदा तरी नीट सुरू झाली का. नवी जोडी प्रयत्न संपेपर्यंत उठली नाही तर यंत्र निमूटपणे जुनीवर परत येते. अँड्रॉइडने हीच पद्धत २०१६ मध्ये ७.० पासून देऊ केली. दुप्पट जागा लागते ही तिची अडचण, आणि स्वस्त फोनमध्ये ती लहान नाही. म्हणून २०२० च्या अँड्रॉइड ११ मध्ये दुसरी पूर्ण प्रत ठेवण्याऐवजी फक्त बदललेला भाग तात्पुरता साठवण्याची सोय आली, आणि नवी आवृत्ती एकदा नीट सुरू झाल्यावरच तो भाग मूळ पार्टिशनमध्ये मिसळला जातो.